संधीची समता की फलिताची? : ‘जागतिक विकास अहवाल २००६’ची चिकित्सा

जागतिक बँकेच्या २००६ च्या जागतिक विकास अहवालाचा विषय ‘इक्विटी आणि विकास’ हा होता. ‘इक्विटी’साठी मराठीत सर्रास ‘समता’ हा शब्द योजला जातो. परंतु अहवालाला अभिप्रेत आहे तो समन्याय. सर्वांचे उत्पन्न समान असावे, असे तो म्हणत नाही. जन्माने लाभलेल्या परिस्थितीवरून आयुष्याचे भवितव्य ठरू नये आणि कोणीही पराकोटीच्या वंचनेत राहू नये, एवढीच त्याची मागणी आहे.

अहवालाचा आरंभ दक्षिण आफ्रिकेत २००० साली एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या चित्राने होतो. ईस्टर्न केपच्या ग्रामीण भागातील गरीब कृष्णवर्णीय कुटुंबातील न्थाबिसेंग पहिल्याच वर्षी दगावण्याची शक्यता ७.२ टक्के, तर केपटाऊनमधील श्वेतवर्णीय पीटरच्या बाबतीत ती ३ टक्के. येथे कष्ट वा गुणवत्तेचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून हे उदाहरण बिनतोड ठरते. त्याहून अस्वस्थ करणारा दाखला भारतीय आहे. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले. जात उघड न करता उच्च व कनिष्ठ जातींच्या मुलांत फारसा फरक आढळला नाही. जात जाहीर करताच कनिष्ठ मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी लक्षणीय घटली. म्हणजे ज्याला ‘प्रयत्न’ म्हणून परिस्थितीपासून वेगळे काढावयाचे, तो प्रयत्नच परिस्थितीने घडविलेला असतो.

अहवालाच्या मांडणीतील तडा नेमका येथे आहे. संधी आणि फलित ही विभागणी एका पिढीपुरती टिकते. आईबापांचे फलित हीच अपत्यांची संधी असते. अहवाल ‘विषमतेचा सापळा’ ही संकल्पना मांडून हे अर्धेअधिक मान्य करतो, पण त्याचे परिणाम स्वीकारीत नाही.

उपाययोजनेतही हाच संकोच दिसतो. सत्तेतील विषमता संस्थांना वाकविते, हे अहवालाचे सर्वांत मोलाचे प्रतिपादन होय. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांविषयीचा अभिजित बॅनर्जी प्रभृतींचा २००१ चा अभ्यास त्याला पुष्टीच देतो. प्रत्येक सभासदाला एकच मत असूनही उसाचा भाव कमी ठेवून उरणारा नफा बड्या बागायतदारांच्या हाती राहण्याची प्रवृत्ती त्यात दिसते. मग शिक्षण, आरोग्य, जमीन, न्याय यांविषयीच्या शिफारशी अमलात आणणार कोण? ज्यांच्या हाती अंमलबजावणी, त्यांच्याच हितसंबंधांना त्या बाधक आहेत. अहवाल धोरणकर्त्यांना उद्देशून लिहिलेला आहे. सापळ्यात अडकलेल्यांना मात्र तो केवळ लाभार्थी समजतो.