बदली कामगार आणि चेहरा नसलेला जॉबर

मराठीतल्या कामगार-साहित्याची चर्चा बहुधा १८ जानेवारी १९८२ या तारखेपाशी येऊन थांबते. त्या दिवशी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यात गिरणगाव संपले. त्यानंतर समीक्षेने कामगाराला आठवणींच्या दालनात नेऊन बसवले. भोंगा, साचेखाते, लाल बावटा दिसला तरच ते कामगार-साहित्य, अशी एक न बोललेली कसोटी तयार झाली. माझी तक्रार या कसोटीविषयी आहे. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून दुचाकीवरून जाणारा माणूस तिच्यातून निसटतो. त्याच्याविषयी लिहितात ते अर्थविषयक पुरवण्यांचे लेखक, आणि त्यांच्या लेखी तो नव्या युगाचा स्वतंत्र उद्योजक असतो.

नोकरीत नसलेल्या, एकेका कामाचे पैसे घेणाऱ्या या माणसांना ‘गिग कामगार’ म्हणतात. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात त्यांची संख्या ७७ लाख धरली होती. २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा त्याचा अंदाज आहे. आकडा नवा आहे, यात वाद नाही. पण प्रकार नवा आहे का?

त्यासाठी गिरणीच्या दारात जावे लागते. गिरणीत कायम कामगारांइतकेच जुने होते ते ‘बदली’. कायम कामगार आला नाही, गावी गेला, आजारी पडला, तरच बदलीला त्या दिवसाचे काम. तो पहाटे डबा घेऊन दारात उभा राही. काम मिळाले तर आत, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. कोणाला आत घ्यायचे हे ठरवी जॉबर. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. जॉबर गाववाल्यांची भरती करी, उसने पैसे देई आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने या लाचखोरीवर बोट ठेवले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदल्यांना कार्डे देण्याची पद्धत आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक माणसांना कार्ड मिळे आणि त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचे असे. हजर राहण्याची सक्ती होती, कामाची हमी नव्हती.

आता आजचा माणूस पाहा. सकाळी तो ॲप उघडतो, म्हणजे हजेरी लावतो. मग हॉटेलच्या बाहेर, पुलाखाली, झाडाखाली वाट पाहतो. या थांबण्याचे पैसे सहसा नसतात. कार्डाच्या जागी आयडी आहे आणि तो ब्लॉक झाला की दार बंद. रेटिंग घसरले, ऑर्डरी नाकारल्या, तर पुढची ऑर्डर उशिरा येते असे तो सांगतो. खरे काय ते त्याला तपासता येत नाही. जॉबरची जागा हिशेबाने घेतली आहे, आणि फरक पडतो तो इथेच. जॉबर लोभी असला तरी त्याला गाठता येई. त्याच्या चाळीत जाऊन बसता येई, त्याच्यावर आवाज चढवता येई. त्याच्यापाशी भांडणाला एक पत्ता होता. ॲपमधल्या मदत-कक्षाशी भांडणारा माणूस कोणाशी भांडतो?

तरीही जॉबरच्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गिरण्यांच्या विणाई खात्यात दलितांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला, तेव्हा कामगार एकजुटीचे चित्र किती अपुरे होते ते उघड झाले. ॲप जात विचारत नाही, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही. मात्र ऑर्डर घेऊन गेलेल्या माणसाला काही सोसायट्यांत मुख्य लिफ्ट वापरू देत नाहीत, हेही त्याच शहरात घडते.

वर उद्योजक या शब्दावर मी नाराजी दाखवली ती केवळ भाषेपुरती नाही. कंपन्या या माणसाला ‘पार्टनर’ म्हणतात. भागीदाराला दर ठरवता येतो. याला येत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगाराची व्याख्याच मुळी मालक-नोकर या पारंपरिक नात्याच्या बाहेर कमावणारा अशी आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे, तीही या कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. त्यातून विमा, अपघात, म्हातारपण यांसाठी योजना आखता येतील. पण गिग कामगार ही संज्ञा चार श्रमसंहितांपैकी याच एकीत येते. किमान वेतनाची संहिता, कामाच्या तासांची संहिता त्याला ओळखत नाहीत. योजना मिळाली, हक्क मिळाला नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार ठरवले, ते करारातले शब्द बाजूला सारून: भाडे कोण ठरवते, अटी कोण घालते, चालकाला वचक कोणाचा, एवढेच पाहून.

साहित्याकडे हीच नजर वळवली तर आपल्याकडे सामग्री आधीपासून आहे, असे दिसते. जयंत पवारांचे ‘अधांतर’ आपण संपाचे नाटक म्हणून वाचत आलो. पण ते घडते चाळीतल्या एका खोलीत, संपानंतर. गिरणी रंगमंचावर येत नाही. बापाची ओळख ज्या कामाने ठरली, ते काम पोरांना मिळणार नाही, आणि दुसरे कोणते याचा पत्ता नाही. कामाची जागाच नाहीशी झालेल्या माणसांचे हे नाटक आहे. त्या अर्थाने ते उद्याविषयीही आहे. नंदिता दास यांच्या ‘झ्विगाटो’ या हिंदी चित्रपटातला भुवनेश्वरचा नायक कारखान्यातली नोकरी गेल्यावर ऑर्डरी पोचवू लागतो. मला तो ‘अधांतर’च्या त्या खोलीतून बाहेर पडल्यासारखा वाटतो. नारायण सुर्वे यांच्या कवितेतला ‘मी’ मात्र त्याला परवडत नाही. सुर्व्यांच्या ‘मी’च्या मागे चाळ, युनियन, नाका उभा होता. इथे संप म्हणजे लॉग आऊट करणे. शेजारच्याने केले की नाही, हे कळायलाही फोनच लागतो.

मग याची भाषा शोधायची कुठे? नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून इतिहास लिहून घेतला. इंग्रजीत ते पुस्तक २००४ मध्ये आले, तोवर गिरण्या जवळपास गेल्या होत्या. आजच्या कामगारांबाबत इतका उशीर परवडणारा नाही. कोणत्या हॉटेलात बसू देतात, कोणत्या सोसायटीचा वॉचमन बरा, कोणाचा आयडी गेला, अपघात झालेल्यासाठी किती जमले, हे सगळे व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर आवाजी निरोपांत पडलेले असते, मराठी-हिंदीच्या सरमिसळीत. फोन बदलला की त्यातले पुष्कळसे पुसले जाते.