रामकियनमधील हनुमान आणि मराठी मारुती : सांस्कृतिक तुलनेच्या पद्धतीचा पुनर्विचार

प्रास्ताविक

थायलंड आणि भारत यांच्या संस्कृतींची तुलना करणाऱ्या मराठी लेखनाची एक ठरीव मांडणी आहे. अयुथ्या आणि अयोध्या, सोंगक्रान आणि संक्रांती, 'वाय' आणि नमस्कार अशा साम्यस्थळांची यादी दिली जाते. चक्री घराण्यातील राजांना लावल्या जाणाऱ्या 'राम' या नावाचा उल्लेख होतो आणि थाई संस्कृती ही भारतीय संस्कृतीचीच एक शाखा होय, असा निष्कर्ष काढला जातो. यादीतील साम्ये बहुधा खरी असतात. निष्कर्ष मात्र त्यांतून आपोआप निघत नाही.

सोंगक्रानचेच उदाहरण घेता येईल. हा शब्द 'संक्रान्ति' या संस्कृत शब्दावरून आला, हे निर्विवाद आहे. परंतु मराठी घरात 'संक्रांत' म्हटले की जानेवारीतील मकरसंक्रमण, तिळगूळ आणि सुगडाचे वाण डोळ्यांपुढे येते. सोंगक्रान हा १३ एप्रिलपासून साजरा होणारा पारंपरिक नववर्षाचा सण आहे. त्यात बुद्धमूर्तींना स्नान घातले जाते आणि वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओतून त्यांचे आशीर्वाद घेतले जातात. शब्द एक, आचार दोन. तेव्हा समान वस्तू कोणती याच्या जोडीला ती वस्तू त्या समाजात कोणते कार्य करते, हा प्रश्न विचारल्याखेरीज तुलना पूर्ण होत नाही. प्रस्तुत लेखात 'रामकियन' या थाई रामकथेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

रामकियनचे स्वरूप

१७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या उद्ध्वस्त केली आणि रामकथेच्या जुन्या थाई संहिताही बव्हंशी नष्ट झाल्या. १७८२ मध्ये सत्तेवर आलेल्या पहिल्या राम राजाने बँकॉक येथे नवी राजधानी वसवली. त्याच्या आश्रयाने १७९७ मध्ये रामकियनची विस्तृत संहिता सिद्ध झाली. दुसऱ्या राम राजाने (कारकीर्द १८०९ ते १८२४) प्रयोगासाठी संक्षिप्त रूप तयार केले. 'खोन' या मुखवटानाट्यातून ही कथा आजही सादर होते. २०१८ मध्ये युनेस्कोने या नाट्यप्रकाराचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. बँकॉकच्या वाट फ्रा केओ या राजमंदिराच्या ओवऱ्यांत रामकियनची १७८ भित्तिचित्रे आहेत.

या पार्श्वभूमीवर रामकियन हे एका मोडलेल्या राज्याच्या पुनर्बांधणीचे काव्य ठरते. ग्रंथाच्या अखेरीस राजा सांगतो, की ही परंपरेने चालत आलेली कथा आहे, तिला शाश्वत महत्त्व नाही आणि ती ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांनी मोहात न पडता अनित्यतेचे भान ठेवावे. ही बौद्ध राजाची भूमिका आहे. संत एकनाथांच्या 'भावार्थ रामायणा'त रामकथा हीच भक्तीची वाट असते. रामकियनमध्ये मोक्षाची वाट बुद्धाच्या धम्मात आहे आणि रामकथा राजवैभव, शौर्य व रंजन यांच्या क्षेत्रात उभी आहे. कथानक समान असूनही या दोन ग्रंथांचे धार्मिक स्थान भिन्न आहे.

मत्स्यपुत्राची दोन आख्याने

हा भेद हनुमानाच्या चित्रणात सर्वाधिक स्पष्ट होतो. भारतात प्रचलित असलेल्या कथेनुसार लंकादहनानंतर हनुमान समुद्रावर आला असता त्याच्या घामाचा थेंब मगरीने किंवा मासोळीने गिळला आणि त्यातून मकरध्वज जन्मला. पुढे पाताळात रामलक्ष्मणांच्या सुटकेसाठी गेलेल्या हनुमानाला तेथील दारावर हाच पुत्र अडवतो. रामकियनमध्येही पाताळाच्या वाटेवर असाच मत्स्यपुत्र भेटतो. त्याचे नाव मच्छानु. मात्र त्याचा जन्म वेगळ्या रीतीने होतो. सेतू बांधला जात असताना थोत्सकान म्हणजे दशकंठ रावण याची मत्स्यकन्या सुफन्नमच्छा दगड पळवू लागते. हनुमान तिचा पाठलाग करतो, दोघांत प्रेम जडते आणि मच्छानुचा जन्म होतो. बिभीषणाची कन्या बेन्यकाय हिच्याशीही रामकियनमधील हनुमानाचा संबंध येतो.

घामाच्या थेंबाची कल्पना कथेच्या ओघात चमत्कृतीसारखी वाटते. परंतु तिचे कार्य नेमके आहे : पुत्र हवा आणि ब्रह्मचर्यही अभंग राहावे. महाराष्ट्रात या ब्रह्मचर्याला सामाजिक आधार आहे. गावोगावचा मारुती, तालमीतील मारुती आणि समर्थ रामदासांनी स्थापन केलेले अकरा मारुती यांतून बल आणि संयम यांचे एकत्व लोकमानसात रुजले. थाई कथेला हा थेंब लागत नाही. याचे कारण थाई समाज भोगवादी आहे, असे सांगणे सोपे आहे. पण ते चुकीचे ठरेल. त्या समाजात ब्रह्मचर्याला अत्यंत आदराचे स्थान आहे. ते वानरवीराकडे सोपवलेले नाही, ते भिक्षुसंघात आहे. तरुणाने काही काळ, बहुधा वर्षावासाचे तीन महिने, चीवर धारण करावे आणि त्याचे पुण्य आईवडिलांना लाभावे, ही तेथील जुनी रूढी होय. मुदत संपल्यावर तो सन्मानाने संसारात परततो.

या परतीच्या वाटेची तुलना मराठी परंपरेतील एका प्रसिद्ध प्रसंगाशी केली पाहिजे. संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंतांना बहिष्कार सोसावा लागला आणि ज्ञानेश्वरादी भावंडांना 'संन्याशाची मुले' म्हणून हिणवले गेले. जेथे वैराग्यातून परतणे हा कलंक ठरतो, तेथे ब्रह्मचारी देवतेचा पुत्र घामातूनच जन्मावा लागतो. जेथे वैराग्य काही काळापुरतेही स्वीकारता येते आणि त्याची स्वतंत्र संस्था असते, तेथे वीराला प्रेम करण्याची मोकळीक राहते. दोन हनुमानांतील अंतराची ही एक संभाव्य सामाजिक उपपत्ती आहे.

सीतेचा शेवट

सीतात्यागाचा प्रसंगही असाच बोलका आहे. रामकियनमध्ये राक्षसीच्या आग्रहावरून सीता थोत्सकानचे चित्र काढते आणि संतापलेला राम तिच्या वधाची आज्ञा देतो. लक्ष्मण तिला वाचवतो. पुढे राम स्वतःच्या मृत्यूचे सोंग करून तिला बोलावतो. फसवणूक कळताच ती पाताळात निघून जाते. अखेर इसुअन म्हणजे ईश्वर, शिव, मध्यस्थी करतो आणि दोघांचे पुन्हा मीलन होते. वाल्मीकींच्या उत्तरकांडातील सीता धरणीच्या पोटात जाते, ती परतत नाही.

मराठी जात्यावरच्या ओव्यांनी या कथेतून आपल्या गरजेचा भाग उचलला. तेथे सीतेचा वनवास हा सासुरवास होतो आणि तो पुढे साऱ्या लेकीसुनांच्या वाट्याला आल्याची कल्पना येते. थायलंडच्या उत्तर व ईशान्य भागांत विवाहानंतर वराने वधूच्या घरी राहण्याची आणि घर धाकट्या मुलीकडे जाण्याची रूढी होती. 'सिनसोद' हे विवाहधनही वराकडून वधूच्या आईवडिलांना दिले जाते. आपल्याकडे १९६१ च्या कायद्यानंतरही हुंड्याची दिशा याच्या उलट राहिली. मात्र या रूढींमुळेच थाई कथेचा शेवट गोड झाला, असे म्हणणे घाईचे होईल. रामकियन ही दरबारी रचना आहे आणि वधाची आज्ञा तीतही आहेच. राजसंहितेची तुलना स्त्रियांच्या मौखिक गीतांशी करताना दोन्हींचे निर्माते वेगळ्या स्तरांतील आहेत, हे विसरता येत नाही.

'आपली' संस्कृती कोणती?

तुलनेत 'त्यांची' संस्कृती जितकी तपासली जाते, तितकी 'आपली' तपासली जात नाही. वाट फ्रा केओ येथे बुद्धमूर्तीच्या मंदिराभोवती रामकथा चितारलेली आहे. बौद्ध राजाला त्यात विसंगती वाटली नाही. महाराष्ट्रात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत राम व कृष्ण यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. थाई बौद्ध आणि नवबौद्ध यांच्या रामकथेविषयीच्या भूमिका भिन्न असण्याचे कारण जातिव्यवस्थेच्या अनुभवात आहे. थायलंडमध्ये रामकथा आली, राजपुरोहित ब्राह्मणही आले. चातुर्वर्ण्याची समाजरचना मात्र तेथे रुजली नाही. 'आपला' सांस्कृतिक प्रभाव मोजताना नेमकी ही न गेलेली गोष्ट यादीबाहेर राहते.

समारोप

नामसाधर्म्याची नोंद हा तुलनेचा आरंभ आहे, तिला निष्कर्षाचा मान देता येत नाही. रामकियनला वाल्मीकी रामायणाची बिघडलेली प्रत मानले, तर मच्छानु हा केवळ विपर्यास ठरतो. त्याला स्वतंत्र समाजाची निर्मिती मानले, तर तो मकरध्वजाकडे, आणि पर्यायाने मराठी समाजाच्या वैराग्यविषयक धारणांकडे, नव्याने पाहायला लावतो. महाविद्यालयीन वर्गात थाई रामकथा शिकवताना ती आपल्या थोरवीचा पुरावा म्हणून मांडली जाऊ नये. विठ्ठलपंतांना परतीची वाट का मिळाली नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे उभा राहिला, तर त्या अध्यापनाचे सार्थक होईल.