जुन्या कोशातील ‘अणु’, ‘रेणु’ आणि ‘कणी’ : अर्थनिश्चितीचा प्रश्न
मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा. साहजिकच या कोशातील ‘अणु’, ‘परमाणु’ अशा नोंदींत अणूच्या अंतर्रचनेचे ज्ञान शोधणे हा कालविपर्यास ठरतो. वैशेषिक परंपरेत दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू, म्हणजे कवडशात तरंगणारा धूलिकण, मानला जातो. आजच्या मराठी परिभाषेत अणूंपासून रेणू बनतो. हिंदीत मात्र याच संकल्पनांना अनुक्रमे ‘परमाणु’ व ‘अणु’ म्हणतात. शास्त्रीय अर्थ शब्दात उपजत नसतो. तो परिभाषेने ठरविलेला असतो. याउलट ‘कणी’चा अर्थ व्यवहाराने जपला, नेर परिसरात ज्वारीच्या कण्या आजही शिजतात. म्हणून जुनी कोशनोंद अध्यापनात तिच्या काळासह वाचणे अगत्याचे आहे. अन्यथा अभिमानाच्या भरात कोश आणि विज्ञान या दोहोंवर अन्याय होतो.