आधी पैसे, मग खेळ

बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर जगभरातले शौकीन बोर्ड गेमना गुण देतात आणि त्यावरून क्रमवारी लागते. 2017 च्या अखेरीस ‘ग्लूमहेवन’ तिथे पहिला आला आणि पाचेक वर्षं जागचा हलला नाही. 2023 मध्ये ‘ब्रास: बर्मिंगहॅम’ने त्याला खाली ओढलं. हे दोन्ही खेळ किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढून छापलेले. प्रकाशक न मिळालेल्या हौशी मंडळींची म्हणून जी वाट ओळखली जायची, त्याच वाटेने आज या कलेतलं उत्तमोत्तम येतं. अडचण अशी की सगळ्यांत फुगवलेलं आणि फसवंही त्याच वाटेने येतं, आणि दोन्हींची जाहिरात इतकी सारखी असते की नवख्या माणसाचे पैसे हमखास चुकीच्या खोक्यात जातात.

मराठी वाचकाला ही पद्धत अगदीच अनोळखी नाही. जाडजूड ग्रंथ काढताना आपले प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करतात, आपण पैसे भरतो आणि ग्रंथ कधी सांगितलेल्या दिवाळीला येतो, कधी त्यापुढच्या. 2009 मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टरची कल्पना याहून फार निराळी नव्हती. मात्र इथे पैसे भरणारा ग्राहक नसतो. आपण दुकान नाही, हे किकस्टार्टरने 2012 मध्येच जाहीर करून टाकलं होतं. खेळ तयार करणाऱ्याने तो पोचवायचा प्रामाणिक प्रयत्न करायचा, नाही जमलं तर का ते सांगायचं, आणि पैसे देणाऱ्याने धोका पत्करायचा, असा हा व्यवहार. पुढे गेमफाउंड, बॅकरकिट अशी आणखी ठिकाणं निघाली, पण व्यवहार तोच राहिला.

तीन मोहिमांचे आकडे शेजारी ठेवून बघू. 2015 मध्ये ‘एक्सप्लोडिंग किटन्स’ या पत्त्यांच्या खेळाला 2,19,382 लोकांनी मिळून सुमारे 88 लाख डॉलर दिले, म्हणजे माणशी 40 च्या आसपास. 2016-17 च्या हिवाळ्यात ‘किंगडम डेथ: मॉन्स्टर’च्या दुसऱ्या मोहिमेत 19 हजारांवर लोकांनी 1 कोटी 23 लाख डॉलर ओतले, माणशी सव्वासहाशेच्या वर. 2020 मध्ये ‘ग्लूमहेवन’चा पुढचा भाग ‘फ्रॉस्टहेवन’ आला आणि 83 हजार लोकांकडून जवळपास 1 कोटी 30 लाख डॉलर घेऊन गेला. मेख मधल्या आकड्यात आहे. एका खेळासाठी माणूस सहाशे डॉलर कशाला देतो?

प्लॅस्टिकसाठी. खेळातल्या राक्षसांचे आणि योद्ध्यांचे पुतळे, शौकिनांच्या भाषेत ‘मिनिएचर’, ओतायला पोलादी साचा लागतो. साचा महाग, पण एकदा तो झाला की पुढचा प्रत्येक पुतळा चिल्लर भावात निघतो. म्हणजे वर्गणीदार जितके वाढतील तितकं जास्त प्लॅस्टिक ‘फुकट’ देणं निर्मात्याला परवडतं. यातूनच ‘स्ट्रेच गोल’ची चटक लागली: आणखी अमुक हजार जमले की आणखी एक राक्षस, त्यापुढे आणखी दोन. लोक महिनाभर पान उघडून आकडा बघत बसतात. नियमांचं चांगलं संपादन, शंभर वेळा खेळून केलेली दुरुस्ती, नको असलेले वीस पत्ते काढून टाकण्याचं शहाणपण यांतलं काहीच त्या पानावर बक्षीस म्हणून दाखवता येत नाही. मग जे दाखवता येतं तेच वाढत जातं. खेळाच्या रचनेपेक्षा मोहिमेची रचना वरचढ झाली, ही या दशकातली माझ्या मते सगळ्यांत वाईट गोष्ट. ‘किंगडम डेथ’च्या वर्गणीदारांना तर कबूल केलेल्या कित्येक पुरवण्यांची सात-सात वर्षं वाट बघावी लागली.

‘ग्लूमहेवन’चं खोकं दहा किलोच्या घरात जातं, पण त्याच्या पोटात जी कल्पना आहे ती मूठभर पत्त्यांत मावते. त्याचे रचनाकार आयझॅक चाइल्ड्रेस यांनी फासा बाजूला ठेवला. दर फेरीला हातातले दोन पत्ते निवडायचे. प्रत्येक पत्त्याचे दोन भाग, वर बहुधा हल्ला आणि खाली बहुधा हालचाल. एका पत्त्याचा वरचा भाग वापरायचा, दुसऱ्याचा खालचा. कोणाची चाल आधी हे पत्त्यावरच्या आकड्यावरून ठरतं, आणि आपला आकडा भिडूंना नेमका सांगायचा नाही. पत्ते संपत आले की विश्रांती घ्यायची, पण प्रत्येक विश्रांतीत एक पत्ता त्या डावापुरता बाद. जबरदस्त चालींचे पत्ते तर वापरल्याबरोबर बाद. म्हणजे हातातले पत्ते हेच तुमचं आयुष्य, आणि मोठा घाव घालायचा तर त्यातला तुकडा मोडून द्यायचा. दार उघडण्याआधी सात पत्ते हातात धरून कोणता जाळायचा याचा विचार करणारा गडी बघण्यासारखा असतो. याच चाइल्ड्रेस यांनी 2020 मध्ये ‘जॉज ऑफ द लायन’ काढला: तीच पद्धत, छोटं खोकं, नकाशे वहीतच छापलेले, आणि विक्री वर्गणीशिवाय सरळ दुकानात. मला तो थोरल्या भावापेक्षा सरस वाटतो. उरलेल्या किलोंमध्ये काय होतं, याचं उत्तर त्यातून मिळतं.

फसलेल्या मोहिमांची यादी लांब आहे. 2012 मधल्या ‘द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी’ला 35 हजार डॉलर हवे होते, 1 लाख 22 हजार मिळाले, आणि वर्षभरानंतर प्रकल्प गुंडाळला गेला. 2015 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली. लोकवर्गणीच्या प्रकल्पावरची त्यांची ती पहिली कारवाई. (खेळ वाईट नव्हता. दुसऱ्या कंपनीने तो पुढे छापला.) त्यापेक्षा मोठा धक्का मिथिक गेम्स या कंपनीने दिला. 2022 मध्ये ‘6: सीज’साठी आणि नंतर ‘डार्केस्ट डंजन’साठी, आधीच पैसे भरलेल्या लोकांकडे त्यांनी पुन्हा पैसे मागितले. कंटेनरचे भाव करोनाकाळात चढले होते हे खरं, पण तेवढ्याने डोलारा कोसळायला तो आधी पोकळ असावा लागतो. 2025 मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचा कर काही आठवडे 145 टक्क्यांपर्यंत नेला. बहुतेक खेळ चीनमध्ये छापले जातात, त्यामुळे खोकी तयार असूनही ती अमेरिकेत आणायची कशी हा प्रश्न पडला. ‘झॉम्बिसाइड’ हा खेळ काढणाऱ्या सीएमओएन कंपनीने नव्या मोहिमा थांबवल्या. ‘स्पिरिट आयलंड’ काढणाऱ्या ग्रेटर दॅन गेम्सची बहुतेक माणसं घरी गेली.

‘स्पिरिट आयलंड’चं वाईट वाटलं. आर. एरिक रॉइस यांच्या या खेळाची मोहीम 2015 ची. इथे भिडू म्हणजे बेटावरची दैवतं, आणि समुद्रापलीकडून येणारे वसाहतवाले हे शत्रू. ते आधी शोध घेतात, मग घरं बांधतात, मग जमीन ओरबाडतात. तीन पत्ते ओळीने सरकत जातात, त्यामुळे पुढच्या फेरीत संकट कुठे येणार हे आधीच कळतं आणि तरीही सगळीकडे पोचता येत नाही. ज्या पठडीत बेटं ‘शोधून’ तिथे वखार घालणं हीच जिंकण्याची रीत होती, तिथे हा खेळ पट उलटा करून मांडतो.

पण आजच्या घडीला डोळे मिटून पैसे द्यावेत असं एकच ठिकाण मला दिसतं: कोल आणि ड्र्यू या वेहर्ले बंधूंचं वेहर्लेगिग गेम्स. त्यांच्या ‘जॉन कंपनी’ची दुसरी आवृत्ती 2021 च्या मोहिमेतून आली. जॉन कंपनी म्हणजे आपली ईस्ट इंडिया कंपनी. भिडू लंडनमधली घराणी चालवतात: कुणाचा पोरगा मद्रासला कारकून, कुणाचा पुतण्या मुंबईच्या फौजेत. कंपनीची पदं वाटून घ्यायची, कंपनीचा पैसा उधळायचा, आणि एकमेकांना वचनं देऊन ती विकत-मोडत बसायचं. काम फत्ते होतं की नाही ते फाशांवर ठरतं. जितका खर्च तितके फासे टाकायचे आणि त्यातला सगळ्यांत लहान आकडा धरायचा: एक-दोन पडले तर यश, तीन-चारला अपयश, पाच-सहा पडले तर अनर्थ. कंपनी बुडाली तरी एखादं घराणं जिंकू शकतं, कारण गुण मिळतात ते निवृत्त होऊन इंग्लंडात जमीनजुमला घेणाऱ्यांना. कंपनी सरकार हा काय प्रकार होता ते एका संध्याकाळीत इतकं लख्ख कळतं की दोन-चार पुस्तकं वाचूनही तेवढं कळणार नाही.

मराठी माणसाला हा खेळ बोचतो, आणि बोचायला हवा. पटावर मुंबई आहे, म्हैसूर, हैदराबाद, दिल्ली आहे, मराठ्यांचा मुलूखही आहे. पण मराठे खेळाडू नाहीत. हिंदुस्थानात काय घडतं ते पत्त्यांच्या गड्डीतून निघतं आणि हत्तीची एक सोंगटी पुढचं वादळ कुठे ते दाखवते. लंडनहून हा देश असाच दिसत होता, हे दाखवण्यासाठीच ती रचना आहे, वेहर्ले ते लपवत नाहीत. तरी मन भरत नाही. त्यांच्या ‘पॅक्स पमीर’मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या अफगाण सरदारांच्या जागी बसून इंग्रज आणि रशियन यांना खेळवता येतं, म्हणून तो मला जवळचा. त्यात कापडी नकाशा आणि रेझिनचे देखणे ठोकळे आहेत. पुतळा एकही नाही.

प्लॅस्टिकवाचून चालतं हे इतरांनीही दाखवलं. ‘अर्थबोर्न रेंजर्स’मध्ये नावालाही प्लॅस्टिक नाही. तसंच ‘डेब्रेक’मध्ये, तो मॅट लीकॉक आणि मॅटेओ मेनापाचे यांनी 2022 मध्ये बॅकरकिटवर मांडला आणि 2024 मध्ये जर्मनीतला केनरश्पील हा मानाचा पुरस्कार मिळवला. विषय हवामानबदल. भिडू अमेरिका, युरोप, चीन आणि ‘मेजॉरिटी वर्ल्ड’ होतात. भारत त्या चौथ्यात बसतो. हवेत सोडलेल्यापेक्षा जास्त कार्बन शोषला जाईल ती फेरी आली की सगळे मिळून जिंकले. थोडा भाबडा आहे, पण घरात सगळ्यांबरोबर खेळता येईल असा.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबचा, झेन मेमन यांचा ‘शासन’. 2019 ची मोहीम. राजकीय प्रश्नाला हो किंवा नाही म्हणायचं, उत्तराप्रमाणे पैसा, दबदबा, प्रसिद्धी किंवा विश्वास पदरात पडतो आणि त्यातून मतदार विकत घ्यायचे. पहिले दोन डाव झकास जातात. मग कोणत्या उत्तराला काय मिळतं याचा अंदाज यायला लागतो, आणि प्रश्नांतली धार बोथट होते. तरीही मुंबईत तयार झालेला खेळ जगभर मागवला गेला हे लहान काम नाही, त्यातून भारतातून थेट किकस्टार्टरवर मोहीम काढता येत नाही, हेही लक्षात घ्या.

इथे बसून पैसे भरणाऱ्याची रड वेगळी. टपालखर्च खेळाच्या किमतीला जाऊन भिडतो, वर कस्टम. बरेच जण चार मित्र मिळून एकत्र मागवतात, किंवा न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या पत्त्यावर खोकं पाठवून त्याच्या सामानातून आणवतात. विमानाच्या 23 किलोंत ‘फ्रॉस्टहेवन’ची सोय करणारा मावसभाऊ मात्र लाखात एक.

तेव्हा पुतळ्यांचे फोटो बघून पैसे भरू नका. मोहिमेच्या पानावर नियमपुस्तिका आहे का ते आधी बघा. नसेल तर पान बंद करा, मग निर्माता कितीही नावाजलेला असो. ‘जॉन कंपनी’ची नियमपुस्तिका फुकट उतरवून घेता येते. रविवारची दुपार काढून ती वाचा, आणि घरात चार भिडू जमणार असतील तरच पाकिटाला हात घाला.