जनुकाला बटण कुठे आहे?

हिस्टोन डिॲसिटिलेज हे नाव वर्गात उच्चारले की मागच्या बाकांवर खसखस पिकते. म्हणून आपण शिक्षक त्याला सोपे नाव देतो : 'जनुके बंद करणारे बटण'. धाराशिव जिल्ह्यातल्या एका विज्ञान प्रदर्शनात हेच बटण मी पुठ्ठ्यावर, लाल-हिरव्या दिव्यांसह बसवलेले पाहिले. तक्ता समजावून सांगणारी मुलगी धीट होती. तिला विचारले, "हे बटण दाबतं कोण?" ती थबकली. चूक तिची नव्हती. ही उपमा तिला आपल्यासारख्यांनीच दिलेली. तेव्हा तपासायची ती उपमाच.

आधी वस्तुस्थिती पाहू. पेशीकेंद्रकातला डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळात आठ हिस्टोन, आणि त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ जोड्यांचा वेढा. हिस्टोनांची शेपटे बाहेर लोंबत असतात. त्यांतल्या लायसिन या अमिनो आम्लावर धनप्रभार असतो, डीएनएवर ऋणप्रभार. त्यामुळे पकड घट्ट बसते. लायसिनला ॲसिटिल गट जोडला की त्याचा धनप्रभार जातो आणि पकड सैलावते. या बदलाचा जनुकांच्या कामाशी संबंध असावा, असे व्हिन्सेंट ऑल्फ्री आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली सुचवले होते. हा ॲसिटिल गट काढून टाकणारे विकर म्हणजे डिॲसिटिलेज, थोडक्यात एचडॅक. मानवी एचडॅक-१ची ओळख १९९६ साली पटली.

अशा विकराची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथम दिसली ती १९९९ मध्ये, तीही माणसातल्या नव्हे, तर अतिउष्ण पाण्यात राहणाऱ्या एका जिवाणूतल्या भावंडाची. मानवी एचडॅक-८ची रचना २००४ साली मिळाली. दोन्हींत दिसले ते असे : विकराच्या अंगात एक अरुंद, खोल बोगदा आणि त्याच्या तळाशी जस्ताचा एक आयन. त्याला दोन ॲस्पार्टिक आम्लांनी व एका हिस्टिडिनने धरून ठेवलेले. ॲसिटिल गट घेतलेले लायसिन या बोगद्यात शिरते. जस्त ॲसिटिल गटातल्या ऑक्सिजनला स्वतःकडे ओढते, त्यामुळे शेजारच्या कार्बनकडे इलेक्ट्रॉनांची तूट पडते. जस्तालाच चिकटलेला पाण्याचा रेणू आपला एक प्रोटॉन जवळच्या हिस्टिडिनला देऊन त्या कार्बनवर चाल करतो. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातला बंध तुटतो, लायसिनला धनप्रभार परत मिळतो आणि ॲसिटेट बाहेर पडते. म्हणजे कापणारे खरे तर पाणी. विकर त्याला योग्य जागी, योग्य वेळी उभे करते.

हे सगळे चित्र सुबक आहे, आणि सुबक चित्राचाच धोका असतो. बोगद्याच्या तळाशी शेजारी-शेजारी दोन हिस्टिडिन आहेत. सुरुवातीच्या मांडणीत त्यांच्यात कामाची वाटणी होती : एक पाण्याकडून प्रोटॉन घेणार, दुसरे लायसिनला प्रोटॉन देणार. एचडॅक-८मध्ये ही हिस्टिडिने एकेक करून बदलून पाहिल्यावर २०१६ साली वेगळे उत्तर पुढे आले. घेणे आणि देणे ही दोन्ही कामे १४३ क्रमांकाचे हिस्टिडिनच करते. १४२वे आपल्या विद्युतप्रभावाने साथ देते. तक्त्यावर बाण काढून देताना ही दुरुस्ती आपण सांगत नाही, आणि माझ्या मते धड्यातला सर्वांत शिकवण्याजोगा भाग तोच. त्याआधी २००७ साली तर याहून नामी युक्ती झाली होती. ३०६व्या जागेवरच्या टायरोसिनऐवजी फेनिलॲलानिन घातले. फरक एका ऑक्सिजन अणूचा. तेवढ्याने विकराचे कापणे जवळपास थांबले, पण धरणे चालू राहिले. आणि लायसिन बोगद्यात असतानाच त्याची रचना टिपता आली.

आता बटणाकडे येऊ. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या गटाने २००६ साली सॅटबी-१ या प्रथिनावर जे काम प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकातच 'रेणवीय स्विच' असा शब्द आहे. तिथे तो शोभतो. सॅटबी-१ला फॉस्फेट गट जोडला तर एचडॅक-१ त्याच्या सोबतीला येते आणि जनुक दबते. फॉस्फेट नसेल तर ॲसिटिल गट जोडणारे विकर येते, सॅटबी-१ची डीएनएवरची पकड सुटते आणि जनुक बोलू लागते. दोन स्थिती, आणि त्या ठरवणारा फॉस्फेट. पण बटण इथे सॅटबी-१ आहे, एचडॅक नव्हे. एचडॅक फक्त बोलावल्या जागी येऊन गट काढते. त्या मुलीला हवे होते ते उत्तर हेच.

शिवाय २००९ साली मानवी टी-पेशींत कोणते एचडॅक कुठे बसते याचा नकाशा तयार झाला, तेव्हा बहुतेक एचडॅक चालू जनुकांवरच सापडली! बंद करणारे बटण चालू दिव्यांपाशी काय करते? तर बहुधा आवराआवर. जनुक वाचले जाताना जोडलेले ॲसिटिल गट काढून पुढच्या खेपेसाठी जागा पूर्ववत करणे.

उपमा ढिली असली की तिच्या आधाराने काहीही खपते. 'ज्वारीची भाकरी खा, कर्करोगाची जनुके बंद करा' असले संदेश आपल्या भागात हातोहात फिरतात. त्यांत सत्याचा एक कण आहे. न पचलेल्या तंतूंवर मोठ्या आतड्यातले जिवाणू जगतात आणि त्यातून ब्यूटिरिक आम्ल तयार होते; खवट लोण्याला ज्याचा वास येतो तेच. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ब्यूटिरेट एचडॅकला अडवते, हे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ठाऊक आहे. एचडॅकला अडवणारे व्होरिनोस्टॅट हे औषध २००६ साली त्वचेच्या एका लिंफोमासाठी अमेरिकेत मंजूरही झाले. पण व्होरिनोस्टॅट त्या बोगद्यात शिरून थेट जस्ताला पकडते आणि त्याची मात्रा मोजून दिलेली असते. ताटातल्या भाकरीपासून आतड्याच्या पेशीतल्या एका लायसिनपर्यंतचा प्रवास असा मोजलेला नाही. आणि गंमत पाहा : एचडॅक हे बंद करणारे बटण मानले, तर त्याला अडवणाऱ्या भाकरीने जनुके चालू व्हायला हवीत, बंद नव्हे.

पुढच्या प्रदर्शनासाठी दिवे नकोत. दोऱ्याची आठ रिकामी रिळे, सुतळी आणि कपड्यांचे चिमटे पुरतील. चिमटे लावणारा एक विद्यार्थी, काढणारा दुसरा, आणि त्या दोघांना कोणत्या रिळापाशी जायचे ते सांगणारा तिसरा. या तिसऱ्याला बहुतेक तक्त्यांवर जागाच नसते.