भिंगांचा दोषविचार

छायाचित्रणाच्या साधनांवर जें परीक्षणात्मक लेखन हल्लीं होतें, त्यांत आम्हांस सर्वांत नवल वाटतें तें त्याच्या भाषेचें. भिंगाविषयीं लिहितांना हे लेखक 'तेज', 'आत्मा', 'चारित्र्य' अशीं पदें सढळ हातानें वापरतात. आणि हीं पदें बहुधा महाग भिंगांच्याच वांट्यास येतात. स्वस्त भिंगास 'किंमतीच्या मानानें बरें' एवढेंच प्रशस्तिपत्र मिळतें. ग्रंथाऐवजीं ग्रंथकाराचें नांव वाचून अभिप्राय देण्याची चाल वाङ्मयाच्या प्रांतांत आम्हांस चांगली परिचित आहे. तीच चाल कांचेच्या प्रांतांत शिरलेली पाहून, या विषयाचा थोडा दोषविचार आपल्या जुन्या पद्धतीनें करून पाहावा असें वाटलें. प्रश्न केवळ शब्दांचा असता तर तो सोडून दिला असता. परंतु छायाचित्रणाची हौस असलेला एखादा शिक्षक किंवा कारकून या शब्दांवर भाळून कित्येक महिन्यांचा पगार एका भिंगापायीं घालवितो, तेव्हां शब्दांचा हिशेब मागणें हें परीक्षकाचें कर्तव्यच ठरतें.

विषय आम्ही मुद्दाम आटोपशीर ठेवितों : रेंजफाइंडर कॅमेरा आणि त्यावरील रुंद कोनाचें भिंग. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत पाहणारा भिंगांतून पाहत नाहीं. वरच्या बाजूच्या स्वतंत्र खिडकींतून पाहतो. त्या खिडकीच्या मध्यभागीं एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचें कडें फिरवून त्या एकमेकींवर बसविल्या कीं अंतर जुळलें. हें जुळणें सर्वस्वीं भिंगाच्या पाठीमागच्या धातूच्या कडेवर अवलंबून असतें. ती कड कॅमेऱ्यांतील एका लहानशा चाकास ढकलते आणि त्या ढकलण्यावर खिडकींतील प्रतिमा सरकते. 1932 सालच्या लायकाच्या दुसऱ्या नमुन्यांत ही जोडणी आली आणि 1954 च्या एम-3 मध्यें ती पूर्णत्वास पोंचली. यांतून निघणारा एक निष्कर्ष वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याचें काम पडेल : भिंग काय करीत आहे हें चित्र निघेपर्यंत कळत नाहीं. 2012 नंतरच्या कांहीं डिजिटल नमुन्यांत मागच्या पडद्यावर भिंगांतली प्रतिमा पाहण्याची सोय झाली आहे खरी. पण तसेंच पाहायचें तर मग हा कॅमेरा घ्यावा कशाला?

उदाहरणादाखल 35 मिलिमीटरचें भिंग घेऊं. चित्राच्या कर्णावर त्याचा कोन सुमारें 63 अंश भरतो. म्हणजे रस्त्यावरचा माणूस आणि त्याच्या मागचें दुकान दोन्हीं सहज चित्रांत येतात. 1961 सालीं लायट्झ कंपनीनें या मापाचें सुमिलक्स भिंग काढलें. त्याचा छिद्रांक 1.4 होता. छिद्रांक जितका लहान तितकें भिंगाचें तोंड मोठें आणि प्रकाश अधिक. परंतु एवढें मोठें तोंड उघडलें कीं भिंगाच्या कडेनें येणारे किरण आणि मध्यांतून येणारे किरण एकाच जागीं मिळत नाहींत. त्यामुळें दिव्याभोंवतीं, पांढऱ्या सदऱ्याभोंवतीं एक धूसर प्रभा पसरते. प्रकाशशास्त्रांत हा सरळ सरळ दोष आहे. भोक्त्यांनीं त्यास 'लायकाचें तेज' असें नांव देऊन ठेविलें.

पुढचा इतिहास मौजेचा आहे. 1994 सालीं गोलाकृति नसलेल्या पृष्ठाचा उपयोग करून याच मापाचें नवें सुमिलक्स निघालें आणि ही प्रभा जवळजवळ नाहींशी झाली. मग 2008 सालीं जपानच्या कोसिना कंपनीनें फोग्टलेंडर या नांवाखालीं नॉक्टन नांवाचें 1.4 छिद्रांकाचेंच भिंग काढलें. त्यांत सारीं पृष्ठें जुन्या पद्धतीचीं गोल, आणि म्हणून ती प्रभा पुनः हजर. एवढेंच नव्हे, तर एकपदरी लेपाचें आणि बहुपदरी लेपाचें असे दोन प्रकार कंपनीनें ठेविले, म्हणजे ज्यास दोष अधिक हवा त्यानें अधिक घ्यावा! आणि 2022 सालीं स्वतः लायका कंपनीनेंच 1961 च्या रचनेचें सुमिलक्स पुनः बाजारांत आणलें. जो दोष काढण्यासाठीं तीन दशकें खर्च झालीं, तोच आतां नॉक्टनच्या कित्येक पट किंमतीस मिळतो.

आपल्या साहित्यशास्त्रकारांस या प्रकारांत कांहींच विस्मय वाटला नसता. दोषांचे नित्य आणि अनित्य असे दोन वर्ग त्यांनीं पूर्वींच पाडून ठेविले आहेत. कर्णकटु वर्ण शृंगारांत दोष होत; रौद्रांत तेच शोभून दिसतात. व्याकरणदुष्ट पद मात्र कोणत्याहि रसांत दुष्टच. मिरजेच्या तंबोऱ्यास दोरा सरकवून जी जवारी लावतात, ती शुद्ध स्वराच्या दृष्टीनें भेसळच म्हणावी लागेल; पण ती काढून टाकली तर गवई बैठकींतून उठून जाईल. सुमिलक्सची किंवा नॉक्टनची प्रभा ही या जातीची आहे. रात्रीच्या फेरीवाल्याच्या कंदिलास ती खुलविते, आणि शिलालेखाच्या चित्रांत अक्षरें पुसते. ती 'आत्मा' नव्हे आणि कलंकहि नव्हे. तो अनित्य दोष आहे, आणि तो स्वस्तांतहि मिळतो.

नित्य दोषाचें उदाहरण निराळें आहे. कित्येक मोठ्या तोंडाच्या भिंगांत छिद्र लहान करूं लागलें कीं स्पष्टतेचें स्थान मागें सरकतें. 1.4 वर जुळविलेलें अंतर 2.8 वर चुकतें : डोळ्यांवर धरावें आणि कान स्पष्ट यावा. ज्या कॅमेऱ्यांत भिंगांतून पाहतां येतें, तेथें छिद्र लहान करून ही लबाडी पकडतां येते. रेंजफाइंडरच्या खिडकींत मात्र दोन्हीं प्रतिमा एकमेकींवर नीट बसलेल्या दिसतात आणि चित्र मात्र चुकतें. नॉक्टनमध्यें हा दोष आहे, आणि कोणत्याहि रसांत त्याचें समर्थन होणार नाहीं. तथापि महाग भिंगाच्या कैवाऱ्यांनीं एवढ्यावरून उड्या मारूं नयेत. 1994 च्या सुमिलक्समध्येंहि हाच दोष होता, आणि मागचा भिंगसमूह तरता ठेवून तो आटोक्यांत आणण्यास कंपनीस 2010 साल उजाडावें लागलें. तीं सोळा वर्षें ग्राहक पूर्ण किंमत मोजीतच होते.

मग अधिक पैशांत मिळतें तरी काय? आमच्या मतें मुख्यतः एकच गोष्ट : 1.4 वर चित्राच्या कोंपऱ्यापर्यंत स्वच्छता. ही लहान गोष्ट नव्हे. नाट्यगृहांत, मंदिराच्या गाभाऱ्यांत, दिव्यांच्या उजेडांत ज्यांचें काम चालतें, त्यांस ती हवीच. एक मीटरवर 1.4 छिद्रांकानें चित्र घेतलें तर स्पष्टतेची खोली सारी मिळून सुमारें 7 सेंटिमीटर भरते. एवढ्या अरुंद जागेंत काम करावयाचें तर कडेची घडण काटेकोर हवी, आणि तिचे पैसे मागणारा कारागीर चूक करीत नाहीं. नॉक्टनमध्यें वाड्याच्या सरळ कडा किंचित् पिंपासारख्या फुगतात, हेंहि येथेंच सांगून टाकावें.

परंतु रुंद कोनाचें भिंग घेणारे बहुतेक लोक तें उघड्या तोंडानें वापरीतच नाहींत. तें ते दिवसाउजेडीं, छिद्रांक 5.6 किंवा 8 वर वापरतात. याच 35 मिलिमीटरच्या भिंगावर छिद्रांक 8 ठेवून अंतर पांच मीटरवर लाविलें, तर नेहमींच्या हिशेबानें अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सारें स्पष्ट येतें. तेथें कडेंतली बारीकशी चूक झांकली जाते, प्रभा नाहींशी होते, आणि दोन भिंगांचीं चित्रें शेजारीं ठेविलीं तर कोणतें कोणाचें हें पैज लावून सांगणारा माणूस आम्हांस भेटावयाचा आहे. ज्या छिद्रावर आपण कधीं जाणार नाहीं, त्याची किंमत मोजणें म्हणजे संस्कृत न येणाऱ्यानें केवळ कपाटाच्या शोभेसाठीं सटीक महाभारत घेण्यासारखें आहे. तें पुढें विकलें तर पैसे परत येतात, असें कोणी म्हणतात. तें खरेंहि आहे. पण मग त्यास पाटल्या म्हणावें, भिंग म्हणूं नये.

म्हणून ज्यास एकच रुंद भिंग घ्यावयाचें आहे आणि ज्याचें काम उजेडांत आहे, त्यास आम्ही लहान तोंडाचें भिंग सुचवूं : फोग्टलेंडरचें 2.5 छिद्रांकाचें कलर-स्कोपार, किंवा थोडी अधिक ऐपत असल्यास झाइसचें 2.8 चें सी-बायोगॉन. भिंगकारास मोठें तोंड साधावयाचें नसलें कीं बाकीचे गुण साधण्यास त्याचा हात मोकळा राहतो. या दुसऱ्यांत सरळ रेषा सरळ येतात. नांवांच्या भोक्त्यांसाठीं एक टीप : फोग्टलेंडर हें घराणें 1756 सालीं व्हिएन्नांत स्थापन झालें, पण हें भिंग जपानचें आहे, झाइसचें सी-बायोगॉनहि त्याच कोसिनाच्या कारखान्यांतून येतें, आणि जुन्या सुमिलक्सांपैकीं कित्येकांवर वेट्झलारची नव्हे, कॅनडाची मोहोर आहे.

35 मिलिमीटर सोडून 21 च्या घरांत गेलें कीं महाग-स्वस्त हा वादच मागें पडतो. तेथें कोन 90 अंशांच्या वर जातो आणि कोंपऱ्यांत येणारा प्रकाश फारच तिरपा पडतो. जुन्या रचनेचीं समतोल भिंगें मागच्या बाजूनें फिल्मच्या अगदीं जवळ जातात. फिल्मला त्याचें कांहीं वाटत नसे. डिजिटल सेन्सरला मात्र तिरपा प्रकाश सोसत नाहीं, आणि चित्राच्या कडा जांभळट होतात. 1963 चें 3.4 छिद्रांकाचें सुपर-अँग्युलॉन असो, झाइसचें 4.5 चें सी-बायोगॉन असो, कीं स्वस्तांतलें फोग्टलेंडरचें 4 चें कलर-स्कोपार असो, तिघांचीहि 2009 च्या लायका एम-9 वर हीच तक्रार. 2012 चा केवळ कृष्णधवल चित्रें घेणारा लायका मात्र या रंगांच्या पीडेंतून सुटला, कारण त्याच्या सेन्सरवर रंगांची जाळीच नाहीं. तेव्हां या मापांत किंमत विचारण्यापूर्वीं रचना विचारावी, आणि आपला कॅमेरा फिल्मचा कीं सेन्सरचा हें आधीं सांगावें. शिवाय लायकाच्या खिडकींत 28 मिलिमीटरच्या पलीकडची चौकट नसते; 21 साठीं वर बसवावयाची निराळी खिडकी घ्यावी लागते, आणि तिचाहि खर्च धरून चालावें.

निवड झाली तरी दुकानांतून थेट घरीं जाऊं नये, कारण एकाच नांवाचीं दोन भिंगें सारखीं निघतीलच असें नाहीं. टेबलावर एक मोजपट्टी तिरपी ठेवावी, एक मीटरवरून तिच्या मधल्या आंकड्यावर खिडकींतील प्रतिमा जुळवावी, आणि कडें न हलवितां 1.4, 2.8 व 4 या तीन छिद्रांकांवर तीन चित्रें घ्यावीं. मोठें छिद्र जेथून सुरू होतें तेथून, म्हणजे कलर-स्कोपार असल्यास 2.5 पासून. तिन्हींत तोच आंकडा स्पष्ट आला तर पैसे द्यावे; दुसराच आला तर भिंग दुकानदाराच्या हातीं परत द्यावें, मग त्यावर नांव कोणाचेंहि असो.