एकाच सनईचं राज्य

होटगी जंक्शनवरून एक मार्ग वाडीकडे जातो, दुसरा विजयपूरकडे. पुढे गावं बदलतात, भाषा बदलते. पण दोन्हीकडच्या वरातींत आताशा एकच सनई ऐकू येते. ट्रॉलीवरच्या कीबोर्डमधली. गाणं मराठी असो की कन्नड, तिची थरथर त्याच वेगाने येते, दम त्याच जागी तुटतो, आणि वरच्या सप्तकात गेली की ती गड्ड्याच्या यात्रेतल्या पिपाणीसारखी किरकिरते. कुणीतरी कधीतरी एकदा मुद्रित केलेला एक सूर पेन ड्राइव्हवरून विकत घेतला जातो, कीबोर्डमध्ये भरला जातो, आणि त्याला ‘आपला टोन’ म्हटलं जातं. याचा मला संताप येतो.

संताप यंत्राचा नाही. रोलंडचे एक्सपीएस-१० आणि एक्सपीएस-३० आपल्या ऑर्केस्ट्रांत आणि बँडपार्ट्यांत रुळले त्याचं एक मोठं कारण हेच की बाहेरचं ध्वनिमुद्रण आत घेऊन ते पट्ट्यांवर वाजवता येतं. गावातल्या वाजंत्र्याचा सूर आपल्या हाताखाली घेण्याची ही केवढी मोठी सोय. तिचं आपण गोदाम करून टाकलं. लॅपटॉपवर शेकडो तयार आवाज बाळगणारे याहून वेगळं काही करत नाहीत. जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रांच्या भक्तांना आवाजापेक्षा लाकडी कडांचं कौतुक जास्त. भिंतीएवढ्या स्पीकरवाल्यांबद्दल इथे बोलण्यासारखं काही नाही.

बोलायचं आहे ते आवाज घडवणाऱ्यांबद्दल. काळी एकचा तार षड्ज घ्या: सेकंदाला सुमारे ५५४ कंपनं. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या मुद्रणात त्याची एक लाट ७९.५५ नमुन्यांत बसते. सूर लांबवण्यासाठी तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणारा लूप अपूर्णांकावर लावता येत नसेल तर घाईतला माणूस ८० धरतो, आणि सूर जवळजवळ १० सेंटनी उतरतो. सुरुवातीची फुंक सुरात आणि लांबवलेला सूर पडलेला, असा विचित्र प्रकार होतो. यंत्रात सूर ओढून वर घेतला तर फुंकच चढते. कान असलेला माणूस नऊ लाटा घेतो. त्यांना लागतात ७१६ नमुने, अगदी केसभर फरकाने. सूर जागेवर बसतो, शिवाय नऊ लाटांमध्ये थोडा श्वासही शिल्लक राहतो. मग तो दर तीन-चार पट्ट्यांना वेगळं मुद्रण देतो, कारण सनईची नळी आणि तिचं तोंड ज्या ठिकाणी घुमतं ती जागा सूर चढला तरी फारशी सरकत नाही. एकच मुद्रण ताणून वर नेलं की ती घुमण्याची जागाही वर जाते. पिपाणी जन्मते ती तिथे.

हलगीचं काम आणखी अवघड आणि म्हणून मला अधिक प्रिय. शेकलेल्या हलगीवरचा हळू ठोका हा जोरकस ठोक्याची बारीक आवृत्ती नसतो. त्याचा रंगच निराळा. दोन्ही वेगळे मुद्रित करून हाताच्या जोरावर सोडले तरच हलगी बोलते. ऑक्टापॅडवाल्यांना हे कधीच कळलंय. त्यांच्या एसपीडी-२० मध्ये बाहेरचा आवाज भरताच येत नाही. आतल्या ७०० आवाजांतूनच, एकावर एक चढवून, सूर उतरवून, शेपूट छाटून, आपल्याकडच्या वादकांनी ढोलकी उभी केली. सोय कमी होती तिथे कान जास्त लागला. गेल्या पंचवीस वर्षांतलं या क्षेत्रातलं आपलं सर्वांत अस्सल काम मी त्यालाच म्हणतो, आणि त्याची समीक्षा कुणी केलेली नाही.

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन दहा राग वाजवले, तेव्हा त्या तिन्ही यंत्रांत एकही ‘इंडियन टोन’ नव्हता. जे काढलं ते घडवून काढलं. त्याच्याही किती आधीपासून मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून, तारेखाली दोरा सरकवून नादाचा आकार बदलतो आहे. या जवारीमुळे, नियमानुसार ऐकूच येऊ नयेत असे उपस्वर तंबोऱ्यात उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहिलं. लाटेचा आकार हाताने घडवण्याची विद्या आपल्याकडे आधीपासून आहे. होटगीपासून मिरज दूर नाही. तरी आमचा कीबोर्डवाला तयार टोनवर कानस लावायला धजत नाही.

त्याचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: वरातीत फरक कुणाला कळतो? कळतो. खरी हलगी सुरू झाली की ज्यांचे पाय उचलतात, तेच लोक कीबोर्डच्या हलगीवर मोबाइल काढतात. दुसरं उत्तर वेळेचं. लग्नसराईत वेळ नसतो हे खरं, पण आषाढापासून बँडपार्टीकडे वेळच असतो. तिसरं उत्तर पैशाचं, आणि ते सर्वांत लंगडं. जो पैसा टोन विकणाऱ्याला जातो तो गावच्या सनईवाल्याला एका संध्याकाळचं मानधन म्हणून द्यावा. त्याचे सहा सूर, प्रत्येक हळू आणि जोरात, बंद खोलीत घ्यावेत. विकत आणलेल्या टोनमध्ये ज्याचा श्वास कोंडला आहे त्या वादकाला कुणी दमडी दिली की नाही, हे टोन विकणारा सांगत नाही आणि विकत घेणारा विचारत नाही. एवढं झाल्यावरही कुणाला तयार टोनच बरा वाटत असेल तर मी त्याच्याशी रात्रभर वाद घालायला तयार आहे. फक्त येताना त्याने स्वतः लावलेला एक लूप घेऊन यावं.